रांजणाची आणेवारी

ये गं तापी, इकडे ये. अशी दारात उभी राहून बोलू नकोस, मला मान वर करून बघवत नाही आता. इथे चुलीजवळ बस. आणि आधी ऐकून घे, कारण मी रागावले आहे. सात दिवस अंगात ताप होता म्हणे तुझ्या. सात दिवस! दवाखान्यापासून आपलं गाव बैलगाडीनं अर्ध्या दिवसाचं. रोज कुणी ना कुणी बाजाराला येतं-जातं. एकाच्या हाती निरोप धाडता आला नाही तुला? "वहिनीला सांगू नका, ती उगाच पळत येईल." हे म्हणालीस ना? मला कळलं सगळं. अगं, पळत आले असते तर काय बिघडलं असतं? मी आले तेव्हा तुझे हात गार झाले होते. बोटांची ती पिवळी पडलेली नखं तेवढी तशीच होती, औषधांनी रंगलेली.

नणंद-भावजयीत कोण कुणाला असं रागावतं म्हणा. पण तू मला नणंद कधी वाटलीसच नाही. मी या घरात लग्न करून आले तेव्हा तू सात वर्षांची, परकर सावरत माझ्या मागे मागे. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं करून परत आलीस, तेव्हा घरात सगळे रडले आणि तू दळायला बसलीस. मला वाटलं, पोरगी दगड झाली. जवळ जाऊन ऐकलं तर जात्यावर ओवी नव्हती. तू म्हणत होतीस, "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन."

तुझ्या भावाला, आमचं लग्न झालं तरी, शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी असे पाव-अर्ध्या-पाऊणचे पाढे पाठ करायला लावत. तो संध्याकाळी ओट्यावर बसून घोकायचा आणि चुकायचा. तू आत भाकरी थापत ऐकायचीस आणि चुकायची नाहीस. तुला कुणी शिकवलं नाही, कुणी विचारलंही नाही. नवरा गेल्यावर माणसं देवाचं नाव घेतात, तू पाऊणकी घेतलीस. मी म्हटलं, अगं लोक काय म्हणतील? तू म्हणालीस, "वहिनी, यामा रडू येत नही." एवढंच. त्या दिवसापासून मी तुझ्याकडे जरा घाबरूनच बघायला लागले, खरं सांगते. मोठ्या झाडाखाली उभं राहून वर बघावं तसं.

तुला दवाखान्यात बाटल्या धुवायला ठेवायचं ठरलं तेव्हा घरात काय गोंधळ झाला होता, आठवतं? तुझा भाऊ दोन दिवस जेवला नाही. पाटलाच्या घरची विधवा सरकारी दवाखान्यात बाटल्या विसळणार! मी मध्ये पडले. कशी पडले ते तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. त्याला म्हटलं, तिला घरात ठेवलीत तर ती तुमच्या कपाशीच्या गाठींचे हिशेब तपासेल, आणि त्यात तुम्ही किती चुकता ते सगळ्या भाऊबंदांना कळेल. दुसऱ्या दिवशी त्यानंच गाडी जुंपली!

तिथली ती गोष्ट तू इथे, याच चुलीजवळ सांगितली होतीस, नकला करून. मी हसून हसून पीठ सांडलं होतं. डॉक्टरसाहेबांना जखमा धुवायला कार्बोलिकचं पाणी हवं होतं, साठ भागांत एक भाग दवा असं. फडताळात होतं ते वीस भागांत एक, म्हणजे जास्त कडक. चोवीस औंसांची बाटली भरायची. कंपाउंडरदादांनी पाटीवर आकडे मांडले, पुसले, परत मांडले. शेवटी म्हणाले, तिप्पट पातळ करायचं तर एकात तीन पाणी, आणि सहा औंस दवेत अठरा औंस पाणी घालायला निघाले. आणि तू कोपऱ्यात बाटली पुसता पुसता, मान वर न करता बोललीस,

"दादा, तुमनी चौपट व्हई गई."

दादा तापले. "तू बाटल्या पूस, बाई."

"पुसस ना. पण एकमा तीन पानी टाकं का चार व्हतस. दवा भी त्याच पानीमा मोजनी पडस ना? आठ औंस दवा ल्या, सोळा औंस पानी."

डॉक्टरसाहेब म्हणे चष्मा काढून तुझ्याकडे बघतच राहिले. मग पाटी घेऊन स्वतः हिशेब केला, आणि पाटी दादांच्या हातात देऊन बाहेर गेले. दुसऱ्या आठवड्यात तुला बाटल्या धुण्यावरून काढून औषधं तयार करण्याच्या टेबलाशी उभं केलं. दादा बिचारे चांगले होते. पुढे तेच तुला इंग्रजी आकडे शिकवायला बसले आणि सगळ्यांना सांगत फिरायचे, "ही माझी विद्यार्थिनी." हो की नाही?

तेव्हापासून तुझी नजर माझ्या स्वयंपाकघरातही तशीच फिरायची. पाहुणे वाढले की मी ताकात पाणी घालायची, कुठली बाई घालत नाही? तू वाटी तोंडाला लावायचीस आणि पाहुण्यांसमोर म्हणायचीस, "आज वहिनीचं ताक आठ आणे." मेली! पाहुण्यांना कळायचं नाही, मला कळायचं. पीक किती आलं ते आपल्याकडे आण्यांत सांगतात, यंदा कपाशी दहा आणे, दादर ज्वारी बारा आणे. सोळा आणे म्हणजे भरपूर, पुरतं. तू ती आणेवारी ताकाला लावलीस, वरणाला लावलीस, एकदा तर माझ्या रागाला लावलीस. "आज वहिनीचा राग चार आणे, जास्त पाणी पडलंय."

आता हसू पुरे. आता ते सांगते ज्यासाठी तुला बोलावलं.

पटकीचं वर्ष, डॉक्टरसाहेब कॉलरा म्हणायचे ती. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, औषध तर नाहीच. चैत्रात तापी नदीचं पात्र आटून डबकी झाली आणि पलीकडच्या गावांतून मरीची बातमी आली. मग आपल्याकडे दोन माणसं एका दिवसात गेली. डॉक्टरसाहेबांनी तुला पाठवलं. एक टिनाची डबी, तिच्यात जांभळे खडे, पाणी शुद्ध करणारी लाल दवा. दोन्ही विहिरींत टाकून झाल्यावर डबीत सातेक मासे, अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त, उरली होती, आणि धुळ्याहून दुसरी डबी येईपर्यंत तेवढ्यावरच निभवायचं होतं. तू सोनाराकडून काटा आणलास, गुंजा टाकून चार मासे दवा तोललीस आणि आपल्या ओट्यावरच्या मोठ्या रांजणात विरघळवलीस. आठ घागरींचा रांजण, म्हणजे ऐंशी तांबे. प्रत्येक बाईनं आपली पिण्याची घागर घेऊन यायचं, मी तिच्यात एक तांब्या लाल पाणी घालायचं, तिनं ते घरी तासभर झाकून ठेवायचं. तू मला म्हणालीस, "वहिनी, तू बोलतेस ना, सगळं गाव तुझ्याकडे येतं. हे तूच वाटायचं." आणि पहाटेच तू पुढच्या गावाला निघून गेलीस, तिथेही मरी लागली होती.

मी काय मिरवले त्या दिवशी! लोक घाबरत होते. कुणी म्हणत होतं सरकार पाणी बाटवतंय, कुणी म्हणत होतं रक्त आहे. मी सगळ्यांसमोर पहिला पेला घटाघटा प्यायले. मग रांग लागली. आधी आमची आळी, मग मधली आळी, मग कुणबी-माळी, आणि सगळ्यांत शेवटी नदीकाठची भिलाटी, भिलांची वस्ती. तशी रीतच होती, आणि तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. आज तुला हे पत्र लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा नाही थांबला.

वीस घरांना वाटून झालं आणि रांजण गळ्यापासून खाली गेला. पाव रांजण उणा. आता तू सांग, सासूबाईंनी मला या घरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी काय शिकवलं होतं? ओट्यावरचा रांजण उणा ठेवायचा नाही. येणारा-जाणारा तहानलेला माणूस वाकून बघतो, त्याला तळ दिसता कामा नये. चाळीस वर्षं मी तो रांजण रोज भरत आले. हात आपोआप गेले. विहिरीच्या दोन घागरी आणून ओतल्या. रांजण भरला. पाणी लाल ते लालच. पुढची वीस घरं झाली, पुन्हा दोन घागरी. पुन्हा वीस, पुन्हा दोन. मग भिलाटीच्या वीस बायका आल्या, त्यांना दिलं, आणि दिवस मावळता मावळता चौथ्यांदा भरून, वर फडकं बांधून मी झोपायला गेले. पुण्य केल्यासारखी शांत झोप लागली मला.

सकाळी तू आलीस. पायांवर धूळ, डोळे लाल. ओट्यावर चढलीस, फडकं वर केलंस आणि तशीच उभी राहिलीस.

"वहिनी, काल कितला घरं ईसन गयात?"

"ऐंशी झाली. एकही सोडलं नाही!"

"मंग हाऊ रांजण भरेल कसा?"

मी हसले. केवढ्या ऐटीत हसले गं! म्हटलं, "मन्हा घरमा रांजण उणा नही ऱ्हास."

तू खाली बसलीस. ओरडली नाहीस. मग तू विचारायला लागलीस, एकेक करून. किती डाव भरला? प्रत्येक डावाला किती घागरी? कुठपर्यंत उतरल्यावर? मी सांगत गेले, आणि सांगता सांगता मला समजत गेलं. म्हटलं, "तापी, आठ घागरी दवा आणि आठ घागरी पाणी. म्हणजे निम्मी झाली ना दवा? निम्मी तरी आहे ना?"

"निम्मी नही वं माय. तिसरा हिस्सा भी नही ऱ्हायना."

मला पटेना. आठात आठ घातले की निम्मं होतं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. तू कोळशानं ओट्यावर रेघा काढल्यास. म्हणालीस, सगळं पाणी एकदम घातलं असतंस तर निम्मी. पण तू आधी वाटलंस, मग भरलंस. जो पहिले आला तो दवाही पहिले घेऊन गेला. मागे राहिली ती पाऊण. तिच्यात पाणी, मग तिची पाऊण. मग त्या पाऊणेची पाऊण. आणि मग डोळे मिटून जात्यावर म्हणायचीस तसं म्हणालीस, "सोळा पाऊण बारा. बारा पाऊण नऊ. नऊ पाऊण पावणेसात. आणि पावणेसातची पाऊण, पाचावर थोडंसं."

म्हणजे आमच्या आळीनं सोळा आणे दवा नेली. मधल्या आळीनं बारा. कुणबी-माळ्यांनी नऊ. आणि भिलाटीनं पावणेसात. आता रांजणात होती ती पाच आणे.

तरी मी तुझ्याशी वाद घातला. "रंग ते तसाच शे! बघ की, लालच आहे."

"रंगवर नको जाऊ," म्हणालीस, "डोया फसाडतस." डोळे फसवतात म्हणे. आणि तुझ्या पिशवीतून ती काळी बाटली काढलीस. पहिल्या दिवशी पाणी तयार केल्यावर त्यातलं थोडं तू बाटलीत भरून नेलं होतंस. कंपाउंडरची सवय, नमुना ठेवायचा. एका काचेच्या पेल्यात त्या बाटलीतलं पाच चमचे, आणि साधं पाणी अकरा चमचे. दुसऱ्या पेल्यात माझ्या रांजणातलं. दोन्ही पेले धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर शेजारी शेजारी ठेवलेस आणि मला म्हणालीस, वरून बघ.

तापी, मी पाहिलं. दोन्ही पेल्यांतला रंग एक होता. एका आईच्या दोन जुळ्या मुलींसारखा एक. तू रांजणाला हात लावला नव्हतास, चव घेतली नव्हतीस, नुसतं चार डाव आणि दोन घागरी एवढं ऐकून डोळे मिटून सांगितलं होतंस, आणि ते पाणी तुझं ऐकून तसंच निघालं. माझ्या अंगावर काटा आला. देवळात येत नाही असा काटा. कसलं शास्त्र म्हणायचं ते? घडून गेलेला अख्खा दिवस, ऐंशी बायका, त्यांच्या ऐंशी घागरी, सगळं पाण्यात मिसळून गेलेलं, आणि तू ते मागे मागे जात वेगळं करून दाखवलंस. कोणाच्या घागरीत किती गेलं, नावानिशी.

मी म्हटलं, "ओतून देऊ हे. नव्यानं कर."

"नव्यानं कराले चार मासा लागतीन. डबीमा तीनच शेतस."

मग तू काटा काढलास. सोळात पाच आहेत, अकरा घालायचे. सोळा आणे म्हणजे चार मासे, तर अकरा आणे म्हणजे पावणेतीन मासे. गुंजा टाकून पावणेतीन मासे तोललेस आणि माझ्याच पातळ पाण्यात घातलेस. रांजण पुरा झाला. डबीत चिमूटभर उरली. माझी चूक फेकून न देता तिच्यातलं जे चांगलं उरलं होतं ते तू मोजलंस आणि फक्त उणं तेवढं भरलंस. मी आयुष्यात पुष्कळ शहाणी माणसं पाहिली, पण असं शहाणपण पाहिलं नाही.

नंतर तू रांजणावर चुन्यानं रेघा ओढल्यास आणि मला म्हणालीस, खाली जाऊ दे, तळ दिसू दे. आणि म्हणालीस, आज भिलाटी पहिली. तुझा भाऊ आणि आळीतले दोघे-तिघे लगेच कुरकुरले, असं कधी झालंय का? तू त्यांच्याकडे सरळ बघून सांगितलंस, "उलटं लावल्याबगर हिशोब बसत नही." हिशेब म्हटल्यावर ते सगळे बाजूला झाले. कुणाला ठाऊक होतं कुठला हिशेब? मला वाटतं, त्या दिवशी तुझ्या हिशेबाला त्या क्रमाची काहीच गरज नव्हती. नव्हती ना?

त्या संध्याकाळी भिलाटीतल्या रेवलीची पोर गेली. चार वर्षांची. रेवली आपल्या शेतात निंदायला यायची, ती पोर तान्ही असताना बांधावर झोळीत असायची. मी तुझ्या अंगावर पडून रडले. म्हटलं, माझ्या पातळ पाण्यानं गेली ती. रेवली काल शेवटी आली होती, दिवस मावळत होता, मला तिचं तोंड आठवतंय. तिला पावणेसात आणे मिळाले, तापी. पावणेसात.

तू माझे खांदे धरलेस. म्हणालीस, "नाही वहिनी. रेवली सकाळीच आली होती. पहिल्या विसात. सोळा आणे नेले तिनं. तिनंच सांगितलं मला."

मी म्हटलं, मला तर दिवस मावळताना...

"तुला ऐंशी तोंडं दिसली त्या दिवशी. तुझी सरमिसळ झाली."

आणि मी मानलं. तुझा आकडा आणि मी मानू नये? तू दवेचा एक थेंब इकडचा तिकडे केला नाहीस कधी. डॉक्टरांनी सांगितलं तरी अंदाजानं ओतायची नाहीस. मी मानलं आणि त्या मानण्यावर पाच वर्षं जेवले, झोपले, नातवंडं खेळवली. मधून मधून एक कुसळ टोचायचं. रेवली सकाळी आली होती, तर मग दुसऱ्या दिवशी तू भिलाटी पहिली का लावलीस? टोचायचं, आणि मी ते उपटून टाकायची. तुझ्याकडून पाऊणकी शिकले तीही त्या कुसळापायीच. साठीच्या बाईनं पाटी घेतली म्हणून तू किती हसलीस! अक्षरं मी मुलांच्या अंकलिपीवरून आपली आपण शिकले होते, आकडे तुझ्याकडून. मी तुला कारण सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस. तुला कळलं होतं का गं?

आता ऐक. तुझ्या दहाव्याला रेवली आली. भिलाटीतून एकटीच, डोक्यावर चारोळ्यांचं गाठोडं. ओट्याच्या खाली बसली, वर ये म्हटलं तरी येईना. तुझं नाव घेऊन रडली. मग डोळे पुसून सहज बोलावं तसं बोलली.

"मरीना सालले ताई सकायमाच उनी. चहा भी पिनी नही. आमना समद्या घागरी उलट्या करी दिध्या, नवी दवा दिधी. म्हने, काल दवा पातळ व्हती, चूक मन्ही शे."

मी म्हटलं, "तुला... तू तर सकाळी आली होतीस ना आदल्या दिवशी? पहिल्या विसात?"

रेवलीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडी. "आमी सकायमा कव्हय येतस, माय? सूर्य बुडी ऱ्हायंता."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं.

मग तिनं सांगितलं, पोर गेल्यावर तू पुन्हा तिच्या झोपडीत गेलीस. तिच्याजवळ जमिनीवर बसलीस. म्हणालीस, तुन्ही पोर त्या पानीघाई गई का दुसरं कसाघाई, हाई गणित मन्हाघाई सुटत नही. खोटं सांगावं नही म्हनीसन नही सांगत. पोर त्या पाण्यानं गेली की दुसऱ्या कशानं, हे तुलाही सांगता येत नव्हतं. तिनं ते शब्द पाच वर्षं सांभाळून ठेवलेत, जसेच्या तसे. तिच्याशी तू खरं बोललीस. माझ्याशी मात्र...

मला राहवलं नाही. तेरा माणसं बसली होती अंगणात, त्यांच्यासमोर ओट्यावरून उतरले, तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि म्हटलं, रेवली, चूक तापीची नव्हती. पाणी मी घातलं होतं. तापी गावात नव्हती त्या दिवशी.

ती म्हणाली, "माले माहीत शे. मी रांगमा उभी व्हती. मन्हा समोरच तुम्ही दोन घागरी पानी वतं."

तापी! तिनं पाहिलं होतं. तू तिच्या झोपडीत बसून चूक स्वतःवर घेत होतीस, आणि तिला ठाऊक होतं, आणि तिनं तुला घेऊ दिली. पाच वर्षं ती माझ्या शेतात निंदायला आली. दर साली चारोळ्या आणून दिल्या. मी तिच्या ओटीत ज्वारी टाकायची आणि ती माझ्याकडे बघायची, आणि मला वाटायचं, बिचारी, तिला काही ठाऊक नाही. मी तिला विचारलं, मग बोलली का नाहीस कधी? ती म्हणाली, ताईनं सांगितलेलं मोडायचं कसं? आणि थोड्या वेळानं, खाली बघत, "तुम्ही पुन्यच करी ऱ्हायंत्यात ना, माय."

मला तिनं माफ केलं की नाही, हे मला ठाऊक नाही. तिनं तसं म्हटलं नाही, मी मागितलंही नाही. माफी मागून तिच्यावर आणखी एक ओझं कशाला. तुझ्या दहाव्यानंतर दोन दिवसांनी मी भिलाटीत गेले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. तिच्या दारात बसले, तिनं पाणी दिलं, मी प्याले.

मी काल पाटी घेऊन बसले होते. सोळा पाऊण बारा, बारा पाऊण नऊ, नऊ पाऊण पावणेसात. माझ्या हातानं काढलं, तीनदा काढलं, तुझंच उत्तर आलं. उत्तर तू कधीच चुकवलं नव्हतंस. मला वाचवायचं होतं तरी उत्तराला हात लावायचं तुझ्या हातून झालं नाही. तू उदाहरणच बदललंस. मावळतीची सकाळ केलीस आणि मग त्या सकाळचं अगदी बरोबर उत्तर मला दिलंस, सोळा आणे. बाई गं! मला हसू आलं आणि रडूही. केवढी गं तू. दवेचा थेंब वाकवत नव्हतीस, माझ्यासाठी सूर्य मागे नेलास.

पण मी भांडणार आहे हं. हे सांगून ठेवते. तू म्हणशील, वहिनीला झेपलं नसतं. कसं नसतं झेपलं? आता झेपलंच की! तू जिवंत असताना कळलं असतं तर आपण दोघी मिळून रेवलीच्या दारात बसलो असतो, पाच वर्षं आधी. ती पाच वर्षं तू माझ्याकडून काढून घेतलीस. चांगल्यासाठीच घेतलीस, तरी घेतलीसच. आणि मग मी विचार करते, त्या पाच वर्षांत मी नातवंडं खेळवली, पाटी शिकले, तुझ्याशी थट्टा केली, आणि ती सगळी तू मला दिलेली होती. घेतलीस की दिलीस? माझ्यानं हे सुटत नाही. मी नुसतं पाऊणकीपर्यंतच शिकले आहे.

म्हणून ये. आखाजी, अक्षयतृतीया, आता बारा दिवसांवर आली. निंबाला झोका बांधला जाईल, सगळ्या लेकी माहेरी येतील, आणि गेलेली माणसंही त्या दिवशी घरी येतात, त्यांच्यासाठी घागर पुजतात, आंब्याचा रस असतो. तू तर दोन्हीकडून येणारी, लेकही आणि गेलेलीही. रेवलीलाही सांगितलंय, ओट्यावर बसायचं, खाली नाही, तिनं हो म्हटलंय. तू तिच्याशेजारी बस. मला तोंडावर खरं सांग. मी ओरडेन थोडी, सवय आहे मला, तू मनावर घेऊ नकोस. पुरणाची पोळी गरम वाढीन. निरोप पाठवायची वाट बघू नकोस, हाच निरोप समज. ये गं तापी, लवकर ये.